घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर पार्व्होव्हायरसबाबत या चुका टाळा

पार्व्होव्हायरस बी-19 अनेकांना लहानपणीच होऊन जातो. दोन-तीन दिवस कणकण, सर्दी, मग थोबाडीत बसल्यासारखे लालबुंद गाल आणि हातापायांवर जाळीदार पुरळ. अँटिबायोटिक लागत नाही, पोर आपोआप बरं होतं. पण घरात सिकलसेलचा (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा) रुग्ण असेल तर हाच विषाणू काही दिवसांत त्याच्या जिवावर बेतू शकतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नंदुरबारपर्यंत अशी कुटुंबं गावोगाव आहेत, आणि त्यांना या विषाणूचं नावही कुणी सांगितलेलं नसतं.

हा विषाणू अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात), तांबड्या पेशी जिथे तयार होतात तिथेच घुसतो. आठवडा-दहा दिवस नवी पेशी तयार होणं जवळजवळ बंद पडतं. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, त्यामुळे त्याला हा खंड जाणवत नाही. एसएस रुग्णाची (म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचा जनुक आलेल्याची) पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. जुन्या पेशी फुटत राहतात, नव्या येत नाहीत, आणि एरवी 8 असणारं हिमोग्लोबिन बघता बघता 4 वर येतं.

‘त्याचं रक्त कमीच असतं’ म्हणून थांबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कालपर्यंत शाळेत जाणारी मुलगी आज अंथरुणातून उठत नाही, दोन पावलं चालली की धाप लागते, छाती धडधडते, डोकं दुखतं, जीभ आणि तळहात पांढरेफटक दिसतात. घरचे सवयीने डोळे बघतात. ते नेहमीपेक्षा पिवळे नसतात, म्हणून हायसं वाटतं. पण या संकटात कावीळ वाढायलाच हवी असं नाही. सिकलसेलच्या रुग्णांत पुरळही बऱ्याचदा उठत नाही, त्यामुळे त्याची वाट बघू नका. अशक्तपणा अचानक वाढला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फक्त सीबीसी करून परतणं

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, हिमोग्लोबिन किती घसरलं ते कळतं, का घसरलं ते कळत नाही. त्यासाठी रेटिक्युलोसाइट काउंट (थोडक्यात ‘रेटिक’) हवा. नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची ही मोजणी बहुतेक लॅबमध्ये वेगळी सांगावी लागते. सिकलसेलमध्ये शरीर सतत नव्या पेशी बनवत असल्याने हा आकडा एरवी चढा असतो. तो 1 टक्क्याखाली गेला असेल तर पार्व्होचा संशय घ्यायलाच हवा. पांथरीत (प्लीहेत) रक्त अडकूनही हिमोग्लोबिन असंच कोसळतं, पण तेव्हा रेटिक चढा राहतो आणि पोटात डाव्या बाजूला पांथरी फुगलेली लागते. दोन्हींत उशीर चालत नाही. बरं असतानाच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रात्री ड्युटीवर असलेल्या अनोळखी डॉक्टरांना तुलनेसाठी तो फार उपयोगी पडतो.

लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक

इथे अडचण लोहाची नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवलंय त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त असू शकतं. फॉलिक ॲसिड चालू असेल तर चालू राहू द्या. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मज्जा बंद असताना ते काही दिवस थांबवावं लागू शकतं. मनाने मात्र थांबवू नका. हिमोग्लोबिन फार खाली गेलं असेल तर उपाय एकच, रक्त चढवणं. त्याला घाबरू नका. तेवढ्या आधारावर बहुतेक रुग्ण सावरतात, मज्जा पुन्हा कामाला लागते आणि एकदा प्रतिकारशक्ती आली की हे संकट सहसा परत येत नाही.

भावंडाला विसरणं

एकाला दाखल केलं की सगळं घर त्याच्यामागे धावतं. दुसरं मूलही एसएस असेल तर त्याला तोच संसर्ग पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गाठू शकतो. ते खेळत-बागडत असलं तरी त्याचं हिमोग्लोबिन आणि रेटिक तपासून घ्या.

नको त्याला वेगळं ठेवणं

गालावर लाली उठली की लोक पोराला कोपऱ्यात बसवतात. खरं तर तोवर त्याच्याकडून लागण होण्याचा काळ सरलेला असतो. उलट रेटिक शून्याजवळ गेलेला सिकलसेल रुग्ण त्या वेळी भरपूर विषाणू पसरवत असतो. वॉर्डात त्याच्या शेजारी दुसरा सिकलसेल रुग्ण किंवा गरोदर बाई नको, हे सिस्टरना स्वतःहून सांगा. हात साबण-पाण्याने धुवा. या विषाणूवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही.

कुत्र्यांचा पार्व्हो वेगळा आहे, तो माणसाला होत नाही. माणसाच्या पार्व्होवर अजून लस नाही.

गरोदर बाईने घाबरून गर्भपाताचा विचार करणं

निम्म्याच्या आसपास प्रौढांना हा संसर्ग आधीच होऊन गेलेला असतो. रक्तातल्या प्रतिपिंडांच्या आयजीजी आणि आयजीएम तपासणीत ते कळतं. नवा संसर्ग निघाला तरी बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात. धोका मुख्यतः पहिल्या 20 आठवड्यांत: गर्भाचं रक्त कमी होऊन त्याच्या अंगात पाणी साठू शकतं, कधी गर्भ दगावतोही. म्हणून पुढचे 8 ते 12 आठवडे ठरावीक अंतराने डॉप्लरसह (रक्तप्रवाहाचा वेग मोजणाऱ्या तपासणीसह) सोनोग्राफी करून घ्यावी लागते. गर्भातच नाळेतून बाळाला रक्त देता येतं, पण ती सोय मोजक्या मोठ्या केंद्रांतच आहे. सोनोग्राफीत शंका आली तर रेफरलची चिठ्ठी त्याच दिवशी मागून घ्या.