नोकरी बदलून केबिन क्रू कसं व्हावं?

राजीनामा लिहिण्याआधी स्वतःची जन्मतारीख बघा. इंडिगो, एअर इंडिया यांसारख्या भारतीय विमान कंपन्या नवख्या उमेदवारांना साधारण १८ ते २७ या वयातच घेतात. आधी केबिन क्रू म्हणून काम केलेल्यांना वयात सवलत मिळते, पण बँकेत किंवा शाळेत घालवलेल्या पाच वर्षांना ती मिळत नाही. त्यामुळे तुम्ही सव्वीस वर्षांचे असाल तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायला वेळ उरलेला नाही. तिशी ओलांडली असेल तर इथे झुरत बसण्यापेक्षा आखाती कंपन्यांकडे वळा. दुबईच्या एमिरेट्सची किमान वयाची अट २१ वर्षांची आहे आणि हॉटेल, दुकान, कॉल सेंटर अशा ठिकाणी ग्राहकांशी थेट संबंध आलेला निदान वर्षभराचा अनुभव त्यांना हवाच असतो. दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्याला तिथे जास्त संधी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वय जमत असेल तर पेन्सिल घ्या आणि घरातल्या भिंतीवर जमिनीपासून २१२ सेंटिमीटरवर एक खूण करा. अनवाणी, टाचा उंचावून, हात वर करून तिथे बोटं पोचतात का ते पाहा. एमिरेट्सच्या निवडीत हेच मोजतात, शिवाय १६० सेंटिमीटर उंचीही लागते. भारतीय कंपन्यांत मुलींसाठी साधारण १५५ सेंटिमीटर चालते, मुलांसाठी आकडा १७०च्या पुढे असतो. याचा संबंध दिसण्याशी नाही. प्राणवायूची नळकांडी, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी यांतलं बरंच साहित्य डोक्यावरच्या कप्प्यांत असतं आणि ते धुरात, घाईत काढता आलं पाहिजे. वजनाचं गणित डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेच्या नियमांत आहे: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, पुरुषांसाठी १८ ते २५ आणि स्त्रियांसाठी १८ ते २२ सामान्य धरला जातो. गणवेशात दिसेल अशा जागी टॅटू असेल तर बहुतेक ठिकाणी तिथेच नकार मिळतो.

हे काम नेमकं काय आहे

ट्रॉली ढकलणं हा या नोकरीचा लोकांना दिसणारा भाग. कंपनी ज्यासाठी तुम्हाला तयार करते तो भाग २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर दिसला. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. आत ३७९ माणसं होती. घोषणा यंत्रणा बंद पडलेली, म्हणून क्रूने मेगाफोन आणि स्वतःच्या आवाजावर काम भागवलं. विमानाला आठ दारं होती, पण बाहेर आग कुठे आहे हे खिडकीतून पाहून त्यांनी फक्त तीनच वापरली. बॅगा घेऊ दिल्या नाहीत. सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर आले. कुठलं दार उघडायचं आणि कुठलं उघडायचं नाही, हा निर्णय तिथे केबिन क्रूने घेतला होता.

हे नीट मनात उतरलं की मुलाखतीतली तुमची उत्तरं आपोआप बदलतात. करिअर बदलणाऱ्याला एक प्रश्न हमखास येतो: चांगली नोकरी सोडून इकडे का? ‘मला जग फिरायचंय’ हे उत्तर समोरच्याने त्या दिवशी पन्नास वेळा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा जुन्या कामातला एक प्रसंग सांगा. नर्स असाल तर रात्रपाळीत एकाच वेळी तीन रुग्णांचे नातेवाईक अंगावर आले तेव्हा आधी कोणाकडे गेलात, का गेलात, आणि थांबवलेल्या दोघांना काय सांगितलंत. शिक्षक असाल तर सहलीच्या बसमध्ये एका मुलाला फणफणून ताप आला तेव्हा उरलेल्या चाळीस जणांना कसं सांभाळलंत. प्रसंग, तुमचा निर्णय, परिणाम, एवढंच, दोन मिनिटांत. बारावीनंतर थेट आलेल्या उमेदवाराजवळ असं काही नसतं, तुमच्याजवळ आहे. ते वापरा.

पैसे कुठे घालू नयेत

शिक्षणाची अट साधारणपणे बारावी उत्तीर्ण एवढीच असते आणि निवड झाल्यावर प्रशिक्षण कंपनी स्वतःच देते. तरी लाखाच्या घरात फी घेऊन ‘नोकरीची हमी’ देणारे एअर होस्टेस क्लासेस शहरोशहरी आहेत. इंग्रजी संभाषणाची भीड मोडायला एखादा साधा, स्वस्त वर्ग लावायला हरकत नाही. त्यापुढचा खर्च मला पटत नाही. मुलाखतीसाठी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘गणवेशाची अनामत’ मागणारा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा. अर्ज फक्त कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा.

इंग्रजी रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. आणि हिंदी गृहीत धरू नका. आपली मुंबईची ‘आप बैठो ना’ छापाची हिंदी इथे चालत नाही. ‘आप बैठिए’ हे न अडखळता यायला हवं.

कागदपत्रांतलं नाव

आपल्याकडची हमखास अडचण. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालं असेल तर आधारवर नवऱ्याचं नाव. विमानतळाच्या आत जाण्याचा पास मिळण्यापूर्वी पार्श्वभूमीची तपासणी होते आणि तिथे ही विसंगती नडते. मधलं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख सगळीकडे जुळते का, हे आजच सगळे कागद शेजारी ठेवून पाहा. नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र हाताशी असू द्या. पासपोर्टची मुदत दोन-तीन वर्षं तरी शिल्लक हवी.

निवडीचा दिवस

सकाळी उंची, वजन, हाताची पोच. मग परिच्छेद वाचन, स्वतःची ओळख, गटचर्चा, शेवटी मुलाखत; प्रत्येक टप्प्यावर लोक गळत जातात. गटचर्चेत सर्वांत जास्त बोलणारा निवडला जातो हा गैरसमज आहे. गप्प बसलेल्याला ‘तुमचं काय मत?’ असं विचारणाऱ्याकडे परीक्षकांचं लक्ष जातं, कारण विमानातही तेच काम आहे. साधे फॉर्मल कपडे, नीट बांधलेले केस, स्वच्छ नखं पुरेशी आहेत.

घरच्यांशी आणि बँकेशी बोलणं

मुंबईचे आहात म्हणून बेस, म्हणजे जिथून तुमची ड्युटी सुरू होते ते शहर, मुंबईच मिळेल असं नाही. दिल्ली किंवा बेंगळुरूही मिळू शकतं. गणपतीत रजा मिळेलच असं नाही. पहाटे तीनला गाडी दाराशी येते. स्टँडबाय असेल तर फोन वाजेपर्यंत तयार होऊन घरी बसायचं. घरात लहान मूल किंवा आजारी सासूबाई असतील तर हे सगळं आधी बोलून घ्या, निवड झाल्यावर नव्हे. पगाराचा एक भाग उड्डाणाच्या तासांवर असतो, म्हणून तो महिन्यागणिक बदलतो, आणि प्रशिक्षणात तर फक्त विद्यावेतन मिळतं. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबवून बंद पडली तेव्हा हजारो जणांचे हप्ते अडकले. ईएमआय धरून सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय हा बदल करू नये.

राजीनामा लेखी ऑफर हातात आल्यावर आणि वैद्यकीय चाचणीत ‘फिट’ शेरा मिळाल्यावरच द्या. नोटीस पिरियड पूर्ण करा. रिलीव्हिंग लेटर पुढे मागतातच. बॉण्ड असेल तर मधेच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, ते सही करण्यापूर्वी वाचा.

प्रशिक्षणात आग विझवणं, स्लाइडवरून उतरणं, पाण्यात तराफा वापरणं, सीपीआर, दार ‘आर्म’ आणि ‘डिसआर्म’ करणं (म्हणजे आपत्कालीन स्लाइड दाराला जोडणं आणि सोडवणं) हे सगळं येतं, आणि परीक्षेत नापास झालात तर नोकरी जाऊ शकते. पुन्हा अभ्यासाला बसायची सवय मोडली असेल तर ती आधीच लावा. मग काही उड्डाणं जादा सदस्य म्हणून, आणि त्यानंतर स्वतःची ड्युटी. उड्डाणाच्या १२ तास आधीपासून मद्य वर्ज्य असतं आणि श्वासचाचणी होते. माउथवॉश, खोकल्याची काही औषधं आणि होमिओपॅथीचे काही थेंब यांतही अल्कोहोल असतं, त्यामुळे साधी सर्दी झाली तरी आधी कंपनीच्या डॉक्टरांना विचारा.