सासऱ्यांची आजी अखेर सापडली

नवरा आयरिश, त्यामुळे त्याच्या घराण्याचा शोध सासूबाईंनी माझ्याच गळ्यात घातला. सासऱ्यांची आजी केरी काउंटीतली, केनमेअरजवळची. घरच्या बायबलात जन्म मार्च १८७२. आयर्लंडमध्ये जन्मांची सरकारी नोंदणी १८६४ पासून आहे आणि शंभर वर्षांहून जुन्या नोंदींची पानं सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. म्हटलं, दहा मिनिटांचं काम. दोन रविवार गेले.

पहिली चूक आडनावाची. मी 'ओसलिव्हन' शोधत होते. त्या काळी पुष्कळ घरांनी 'ओ' गाळलेला. नुसतं 'सलिव्हन' टाकलं तर इतक्या मुली निघाल्या की डोकं धरलं. त्या भागात हे आडनाव म्हणजे आपल्याकडचे पाटील! त्यात त्या वर्षांच्या सूचीत आईचं नाव नसतं. मूळ पानावर मात्र आईचं माहेरचं आडनाव असतं. मग मार्चचा आग्रह सोडला आणि एकेक पान उघडत बसले.

नोंद निघाली मे महिन्यातली. आईचं माहेर जुळलं, टाउनलँडचं, म्हणजे वाडीचं, नाव जुळलं; तारीख तेवढी वेगळी. नोंदवायला उशीर झाला की दंड बसायचा, म्हणून लोक तारीखच पुढे ढकलत. आपल्याकडे शाळेत नाव घालताना अर्धा गाव १ जूनला जन्मायचा, तसंच. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा पाहिला, तो एप्रिलमधला. म्हणजे सरकारदरबारी पोरगी जन्मायच्या आधीच तिचं बारसं उरकलं होतं!