डिस्कवर्ल्ड वाचायचंय, पण सुरुवात कुठून?

‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी, कल्पनारम्य कादंबरीमालेचे इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट वाचायची इच्छा आहे, पण मालेतल्या ४१ पुस्तकांची यादी पाहिली की धीर सुटतो, असं सांगणारे वाचक मला नेहमी भेटतात. हे त्यांच्यासाठी लिहितेय. बरीच वर्षं मी डिस्कवर्ल्डच्या कादंबऱ्या वाचतेय, परत परत वाचतेय आणि दिसेल त्याला वाचायला देतेय. कोणतं पुस्तक आधी हातात पडलं तर वाचक पुढे टिकतो आणि कोणत्या पुस्तकानंतर तो गप्पच होतो, हे त्यातून बऱ्यापैकी कळत गेलं.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे निम्मी भीती जाईल. डिस्कवर्ल्ड ही पहिल्यापासून शेवटपर्यंत चालणारी एकच कथा नाही. जग तेवढं एक आहे. अवकाशात पोहणारं अवाढव्य कासव, त्याच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींच्या पाठीवर तोललेली सपाट पृथ्वी. या जगात वेगवेगळी माणसं आपापल्या कथा जगतात. आंख-मॉरपॉर्क शहराचे पहारेकरी आहेत, डोंगराळ मुलखातल्या चेटकिणी आहेत, मृत्यू स्वतः आहे, सतत जीव वाचवत पळणारा जादूगार रिन्सविंड आहे, टिफनी एकिंग नावाची मेंढपाळांच्या घरातली मुलगी आहे. काही कादंबऱ्या तर पूर्णपणे स्वतंत्र आहेत. पहारेकऱ्यांचं पुस्तक वाचताना चेटकिणींची गोष्ट माहीत नसली तरी काहीही अडत नाही.

मग पहिल्या पुस्तकापासूनच का सुरू करू नये? हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो रास्त आहे. ‘द कलर ऑफ मॅजिक’ १९८३ साली आलं. त्या काळात लोकप्रिय असलेल्या तलवारी-जादूच्या कथांची टर उडवणारं ते पुस्तक आहे. ज्यांनी तशा कथा भरपूर वाचल्या आहेत त्यांना ते फार आवडतं. बाकीच्यांना मात्र नक्की कशाची थट्टा चालली आहे हेच कळत नाही. त्यातून गोष्ट अशा जागी थांबते की पुढचं ‘द लाइट फॅन्टॅस्टिक’ हाती घेण्यावाचून गत्यंतर नसतं. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ज्या प्रॅचेटवर लोक जीव टाकतात तो प्रॅचेट या दोन पुस्तकांत अजून पुरता घडलेलाच नाही. विनोद आहे, कल्पनाशक्ती तर आहेच आहे. पण अन्याय पाहून पेटून उठणारा, साध्या माणसाच्या बाजूने ठामपणे उभा राहणारा जो लेखक पुढे दिसतो, तो इथे क्वचितच डोकावतो. त्यामुळे ही दोन पुस्तकं नंतर वाचावीत. लेखकाशी ओळख झाल्यावर ती जास्त गोड लागतात.

माझं उत्तर बहुतेक वेळा ‘गार्ड्स! गार्ड्स!’ हेच असतं. १९८९चं हे पुस्तक क्रमाने आठवं आहे. साहसकथांमध्ये नायकाच्या अंगावर एकेक करून धावून जाणारे आणि मारले जाणारे बिननावाचे पहारेकरी असतात ना, त्यांनाच ते अर्पण केलं आहे, आणि त्यांनाच नायक केलं आहे. रात्रपहाऱ्याचा कप्तान सॅम व्हाइम्स सुरुवातीला दारू पिऊन गटारात पडलेला दिसतो. शहराला त्याची गरज उरलेली नाही, आणि त्याला स्वतःचीही. मग बुटक्यांमध्ये वाढलेला कॅरट नावाचा धिप्पाड तरुण पहाऱ्यात भरती होतो आणि कायद्याचं पुस्तक शब्दशः खरं मानून चालू लागतो. तिकडे एक गुप्त मंडळ शहराला राजा मिळवून देण्यासाठी ड्रॅगन बोलावतं. ड्रॅगन भयंकर आहेच, पण त्याच्यासमोर माना तुकवायला माणसं किती चटकन तयार होतात, हे जास्त भयंकर आहे. ते वाचताना हसू येता येता थांबतं, आणि प्रॅचेट म्हणजे काय ते तिथे कळतं.

याच प्रवाहातल्या पुढच्या ‘मेन अॅट आर्म्स’मध्ये (१९९३) व्हाइम्सचा बुटांचा विचार येतो. चांगले बूट पन्नास डॉलरचे, ते वर्षानुवर्षं टिकतात. गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात, ते लवकर फाटतात. तेवढ्याच काळात गरीब शंभर डॉलर घालवतो आणि तरी त्याचे पाय ओलेच. गरिबी महाग का पडते, हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

सगळ्यांना पहारेकरी रुचतीलच असं नाही. एकच पुस्तक वाचून ठरवायचं असेल तर ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) घ्या. त्याला मागचं-पुढचं काही लागत नाही. ओम नावाचा महान देव पृथ्वीवर अवतरतो तो एका लहानशा कासवाच्या रूपात, कारण त्याच्या नावाने प्रचंड धर्मपीठ उभं असलं तरी त्याच्यावर खरी श्रद्धा उरली आहे ती ब्रूथा या एकाच साध्याभोळ्या शिकाऊ सेवकाची. बाकीच्यांची श्रद्धा केव्हाच देवावरून उठून भीतीवर आणि व्यवस्थेवर जाऊन बसली आहे. श्रद्धाळू वाचक आणि नास्तिक वाचक, दोघांनाही मी हे पुस्तक दिलं आहे आणि दोघांनाही ते आपल्या बाजूचं वाटलं आहे. माझ्या मते प्रॅचेटच्या उत्तम पुस्तकांपैकी हे एक.

कुमारवयीन वाचकासाठी, किंवा इंग्रजी कादंबऱ्यांची फारशी सवय नसलेल्यासाठी, टिफनीचं ‘द वी फ्री मेन’ (२००३) बरं. फक्त त्यातल्या चिमुकल्या निळ्या माणसांची स्कॉटिश वळणाची बोली पहिली काही पानं अडवते. ते संवाद मोठ्याने वाचले की उलगडतात. मृत्यूला उमेदवारी करणारा पोरगा पाहायचा असेल तर ‘मॉर्ट’ (१९८७), आणि चेटकिणींकडे जायचं असेल तर ‘विर्ड सिस्टर्स’ (१९८८). त्याआधी ‘मॅकबेथ’ची गोष्ट ठाऊक असली तर दुप्पट मजा.

वाचताना दोन गोष्टींची तयारी ठेवा. मोठ्यांसाठीच्या बहुतेक कादंबऱ्यांत प्रकरणंच नाहीत. मजकूर सलग वाहतो, मध्ये फक्त ओळीची मोकळी जागा. त्यामुळे ‘एवढं प्रकरण संपवून झोपते’ हा हिशेब चालत नाही, थांबायची जागा आपणच ठरवायची. दुसरं म्हणजे तळटीपा. त्या कधीही सोडू नका. अर्धा विनोद तिथे असतो, आणि कधीकधी पुस्तकातला सगळ्यात मार्मिक विचारही. शब्दांचे खेळ इतके आहेत की पहिल्या वाचनात सगळे लागत नाहीत. लागेल तेवढं घेऊन पुढे जावं. प्रत्येक संदर्भ शोधत बसलं की कथेची लय तुटते.

सुरुवात कुठूनही केली तरी त्या प्रवाहातली पुस्तकं मात्र क्रमानेच वाचा. व्हाइम्स पुस्तकागणिक बदलतो, आणि ‘नाइट वॉच’ (२००२) हे सगळ्यात गडद पुस्तक त्याचा भूतकाळ समोर आणतं. कुणीतरी खूप कौतुक केलं म्हणून आधी तेच उचललं तर निम्मा परिणाम वाया जातो. निदान ‘गार्ड्स! गार्ड्स!’, ‘मेन अॅट आर्म्स’ आणि ‘फीट ऑफ क्ले’ ही तीन आधी वाचून घ्या.

अगदी शेवटच्या काळातल्या पुस्तकांपासूनही सुरुवात नको. २००७ साली प्रॅचेटना अल्झायमरच्या एका दुर्मिळ प्रकाराचं निदान झालं. पुढे टंकलेखन जमेना, तेव्हा ते तोंडी सांगून लिहीत राहिले. ‘स्नफ’ आणि ‘रेझिंग स्टीम’मधली वाक्यं मला सैल वाटतात, पण त्या माणसांवर आधीच जीव जडला असेल तर त्याचं काही वाटत नाही. १२ मार्च २०१५ रोजी ते गेले, आणि टिफनीचं ‘द शेफर्ड्‌स क्राउन’ त्यानंतर प्रसिद्ध झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे, अपुरं लेखन असलेली त्यांची हार्ड डिस्क २०१७ मध्ये वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली, त्यामुळे त्यांच्या हातची नवी कादंबरी आता येणार नाही. ‘द शेफर्ड्‌स क्राउन’ चेटकिणींची आणि टिफनीची बाकी सगळी पुस्तकं झाल्यावरच उघडा. त्याच्या सुरुवातीलाच एक निरोप आहे, आणि तो मनाला लागायचा तर ते माणूस आधी जवळचं झालेलं असायला हवं.