होमरच्या समासातली भांडणं

ग्रीक येतंय, मग होमरवरच्या जुन्या टीका वाचायला कितीसा वेळ लागणार, अशा भ्रमात मी स्कोलिया, म्हणजे हस्तलिखितांच्या समासात (कडेच्या मोकळ्या जागेत) लिहिलेली टिपणं, उघडल्या. पहिलंच टिपण 'होति'ने सुरू. होति म्हणजे 'कारण'. कशाचं कारण? मुख्य वाक्यच नाही! आधीच्या टिपणात असेल म्हणून मागे मागे जात राहिले, दोन दिवस त्यातच गेले. शेवटी बाईंनी हस्तलिखिताचा फोटो उघडला आणि ओळीच्या डावीकडे आडव्या पडलेल्या 'व्ही'सारख्या खुणेवर बोट ठेवलं. ही खूण म्हणजेच मुख्य वाक्य. 'इथे खूण केलीय, कारण...'

ते हस्तलिखित म्हणजे व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयातलं दहाव्या शतकातलं 'इलियड', म्हणजे 'व्हेनेटस ए'. मधे काव्य, कडेने बारीक अक्षरात टीका. आपल्याकडची त्रिपाठ पोथी (मधे मूळ, वर-खाली टीका) पाहिली असेल तर पान परकं वाटणार नाही. खुणा मात्र त्याहून अकराएकशे वर्षं जुन्या, अलेक्झांड्रियाचा होमर-संपादक अरिस्टार्कस याच्या.

त्यामुळे अर्थ लावायच्या आधी पहिला शब्द बघा. टिपणांमागे नंतरचे चार व्याकरणकार आहेत: 'होति' असेल तर बहुधा अरिस्टोनिकस खुणेचं कारण सांगतोय. 'हूतोस', म्हणजे 'असंच', असेल तर बहुतेकदा डिडिमस अरिस्टार्कसचा पाठ, म्हणजे त्याने ओळीतले कोणते शब्द धरले ते, नोंदवतोय. स्वराघाताची चर्चा हेरोडियनची, विरामांची निकानोरची. 'अथेतेइताई' दिसलं की ओळ गाळली असं समजू नका. ओळ जागेवरच असते, ती होमरची नसावी एवढंच म्हणणं असतं.

एकदा आवाज ओळखू आले की मजा येते. तिसऱ्या सर्गात अ‍ॅफ्रोडाइटी हेलनसाठी आसन आणून ठेवते. अरिस्टार्कसच्या आधीचा संपादक झेनोडोटस याला ते खटकलं: देवीने मानवी बाईसाठी आसन उचलायचं? शोभत नाही. त्यावर समासातून उत्तर येतं, की हा विसरला, देवी म्हातारीचं रूप घेऊन आलीय, आणि त्या रूपाला साजेसंच वागतेय. दोन हजार वर्षांपूर्वीचा टोमणा! मी ग्रंथालयात मोठ्याने हसले होते.

स्कोलियांची छापील प्रत हवी तर आधुनिक संपादक एर्ब्सेचे सात खंड (१९६९–८८) आहेतच. पण त्यात कठीण शब्दांचे साधे अर्थ शोधत बसू नका. ते आणि पुराणकथा मुख्यतः 'डी' नावाच्या वेगळ्या गटातल्या स्कोलियांत असतात, आणि त्या एर्ब्सेने बाहेर ठेवल्यात. मला हे तिसऱ्या खंडात पोचल्यावर कळलं.