आजीच्या ओव्या ऑनलाइन ठेवताना

आजीला खुर्चीत बसवून 'ओवी म्हण' म्हणू नका. माझी आजी अशी दोन ओळींतच अडली. जात्यापाशी बसवलं, खुंटा हातात आला, मूठभर ज्वारी पडली आणि सलग ११ ओव्या झाल्या.

फोन फ्लाइट मोडवर टाका. जमिनीवर ठेवू नका, जात्याची घरघर शब्द गिळते. गोधडीची घडी घालून तिच्यावर ठेवा. मध्ये बोलू नका. खोकला, बांगड्यांची किणकिण राहू द्या.

मग लगेच लिहून काढा, ती म्हणते तसंच. 'म्हने'चं 'म्हणे' करू नका, सगळी गंमत तिथेच आहे. गाव, तारीख, ओवी कुणाकडून शिकली तेही लिहा. सासरच्या कुणाचं नाव आलं असेल तर टाकण्याआधी तिला विचारा.

रीलसाठी ३० सेकंद कापा, नातवंडं तेवढंच ऐकतात. पण खाली ढोलकी चिकटवू नका, आणि पूर्ण रेकॉर्डिंग यूट्यूबवर ठेवाच.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यातल्या बऱ्याच 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर आहेत. एखादी आजीला ऐकवा. माझ्या आजीने डोळे मिटून पुढची ओळ स्वतःच उचलली. तेव्हा रेकॉर्डिंग चालू ठेवा.