आतड्याचा गंभीर संसर्ग आणि ऑपरेशनची वेळ: या चुका टाळा

अँटिबायोटिक्स चालू असताना किंवा कोर्स संपल्यावर काही दिवसांनी पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, म्हणजे ‘सी. डिफ’ या जिवाणूचा संशय घ्यायलाच हवा. बहुतेक रुग्ण औषधांनी बरे होतात. थोड्यांचं मोठं आतडं मात्र विषारी सुजेने निकामी होऊ लागतं, आणि मग ऑपरेशन कधी होतं यावर त्यांचा जीव अवलंबून राहतो.

सर्वांत घातक गफलत जुलाब थांबल्यावर होते. घरच्यांना हायसं वाटतं, फाइलवर ‘सुधारणा’ लिहिलं जातं. पण पोट फुगत असेल, वारा सरत नसेल, नाडी वेगाने चालत असेल, तर आतड्याची हालचालच बंद पडली आहे असं समजा. अशा वेळी तोंडावाटे दिलेलं व्हॅन्कोमायसिन (सी. डिफवरचं अँटिबायोटिक) मोठ्या आतड्यापर्यंत नीट पोचत नाही. ते एनिमातूनही द्यावं लागतं, जोडीला शिरेतून मेट्रोनिडाझोल हे दुसरं अँटिबायोटिक. व्हॅन्कोमायसिन शिरेतून देणं इथे निरुपयोगी, कारण ते आतड्याच्या पोकळीत पुरेसं उतरत नाही. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणि अफूजन्य वेदनाशामकं या आजारात शक्यतो टाळावीत.

‘आतडं फुटलेलं नाही, मग घाई कशाला?’ हा प्रश्न अजूनही ऐकू येतो, आणि तो ऐकून काळजात धस्स होतं. आतडं न फुटताही रुग्ण शॉकमध्ये (रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त न पुरण्याच्या अवस्थेत) जाऊन दगावतो. वयस्कर किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाचं पोट तर हाताला मऊच लागू शकतं, धोका असूनही. म्हणून रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करून आकडे कुठे चालले आहेत ते बघा. पांढऱ्या पेशी १५,००० किंवा त्याहून जास्त, अथवा मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५ मि.ग्रॅ./डेसिलिटरच्या वर, म्हणजे आजार गंभीर. रक्तदाब घसरला, आतड्याची हालचाल थंडावली किंवा आतडं फुगून ताणलं गेलं, की तो अतिगंभीर. लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) ५ मिलिमोल/लिटरवर किंवा पेशी ५०,००० वर पोचल्या की ऑपरेशन करूनही रुग्ण वाचण्याची शक्यता बरीच घटते. निर्णय त्याच्या आधी व्हायला हवा.

ऑपरेशन अर्धवट करणं हीही चूकच. बाहेरून आतडं फक्त सुजलेलं दिसतं, म्हणून खराब वाटणारा तुकडाच काढण्याचा मोह होतो. पण आतलं अस्तर बहुधा सगळीकडे बिघडलेलं असतं. म्हणून गुदाशय ठेवून बाकीचं मोठं आतडं काढतात आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर आणतात; मल तिथे लावलेल्या पिशवीत जमा होतो. २०११ मध्ये आणखी एक पर्याय मांडला गेला: मोठं आतडं न काढता लहान आतड्याचा लूप (वळसा) पोटावर आणायचा, त्यातून मोठं आतडं धुवायचं आणि पुढे व्हॅन्कोमायसिन सोडत राहायचं. आतडं सडलं किंवा फुटलं असेल तर हा मार्ग उरत नाही. म्हणजे उशीर केला की हा पर्यायही हातचा जातो.

सर्जनला शेवटी बोलावू नका. आजार गंभीर आहे हे कळलं त्याच दिवशी त्यांनी रुग्ण पाहावा. नातेवाइकांनीही तेव्हाच विचारावं: कोणत्या परिस्थितीत ऑपरेशन कराल? पोटावरची पिशवी कायमची राहील का? काही रुग्णांत ती पुढे काढता येते.