डेनिम जॅकेटच्या पाठीवर चित्र कसं रंगवायचं: पांढऱ्याचे तीन पातळ हात

डिसेंबरच्या सुट्टीत पचमढी, चिखलदरा नाहीतर पेंचचा बेत ठरला की नागपूरच्या पोरापोरींना कपाटातलं डेनिम जॅकेट आठवतं. त्याच्या पाठीवर आपल्या हातचं चित्र असावं, ही हौस अगदी रास्त आहे आणि फार खर्चाचीही नाही. पण अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत दाखवतात तसं नुसतं चित्र काढून रंग भरला, तर ते पहिल्या-दुसऱ्या धुण्यात भेगाळतं, नाहीतर महिन्याभरात मळकट निळं दिसायला लागतं. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: रंगाखालचा पांढरा थर चुकलेला असतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या पांढऱ्याला दिली आहे.

काम दिवाळीच्या सुट्टीतच हाती घ्या. रंगवायला दोन दिवस लागतात आणि रंग पक्का व्हायला आणखी तीन-चार. निघायच्या आदल्या रात्री रंगवलेलं जॅकेट गाडीच्या सीटला चिकटतं.

सामान

रंग फॅब्रिक कलरच हवा, म्हणजे कापडासाठीचा अ‍ॅक्रिलिक. फेविक्रिल किंवा कॅमल, दोन्ही चालतात. बाकी रंगांच्या १५ मिलीच्या बाटल्या पुरतात, पांढऱ्याची मात्र मोठी बाटली घ्या. २५ × २५ सेंटिमीटरच्या चित्राला तीन हातांत (म्हणजे थरांत) मिळून ३० ते ४० मिली पांढरा सहज जातो. पोस्टर कलर आणि वॉटर कलर धुण्यात निघून जातात. भिंतीचा ऑइल पेंट वाळून पुठ्ठ्यासारखा कडक होतो. कॅनव्हासचे अ‍ॅक्रिलिक घरात पडले असतील तर त्यांत निम्म्यानं फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर लवचीक ठेवणारं द्रावण) मिसळून वापरता येतात.

ब्रश तीन लागतात. पांढऱ्यासाठी राठ केसांचा चपटा ८ किंवा १० नंबर, रंग भरायला मऊ चपटा ६ नंबर आणि रेषेसाठी गोल २ नंबर. नागपुरात बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) स्टेशनरीच्या दुकानात हे सगळं एका फेरीत मिळतं. शिवणकामाचा पांढरा किंवा पिवळा कार्बन पेपरही त्याच फेरीत आणा. ऑफिसचा निळा कार्बन डेनिमवर दिसत नाही आणि नंतर पांढऱ्यातून वर येतो.

जॅकेटच्या आतल्या लेबलवर कापड काय आहे ते वाचा. पूर्ण सुती सर्वांत चांगलं. इलास्टेन (ताणणारा धागा) एक-दोन टक्के असेल तरी चालतं. त्याहून जास्त ताणणाऱ्या कापडावर मोठं चित्र काढूच नका, कारण कापड ताणलं जातं तेवढा रंग ताणला जात नाही.

धुणं

जॅकेट नवं असो वा जुनं, साध्या पावडरीनं दोनदा धुवा. कांजी नको आणि सुवासिक कंडिशनर तर मुळीच नको. त्याचा थर धाग्यावर बसला की रंगाला पकड मिळत नाही. तर्रीचा किंवा केसांच्या तेलाचा डाग असेल तर आधी भांड्यांच्या साबणानं घासून काढा. तेलकट जागेवरून रंग सरकतो आणि तिथला पापुद्रा सर्वांत आधी निघतो.

वाळल्यावर ओला पांढरा रुमाल पाठीवर जोरात घासा. रुमाल निळा झाला तर आणखी एकदा धुवा. डेनिमची नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत शिरलेली नसते, वरवर बसलेली असते. ती सुटी नीळच पुढे पांढऱ्यात मिसळून त्याला राखाडी करते. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा म्हणजे रंग पक्का होतो, हा सल्ला पाळून एक अख्खा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. नीळ तशी बांधली जात नाही आणि अ‍ॅक्रिलिकला त्याची गरजच नसते.

चित्र निवडणं आणि उतरवणं

पाठीवर खांद्याची आडवी शिवण आणि कमरेची पट्टी यांच्यामधल्या सपाट भागातच राहा. शिवणींपासून दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडा. शिवण सतत दुमडते आणि तिच्यावरचा रंग तडकतो. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा ठेवू नका, डेनिमच्या तिरक्या विणीत ती तुटक दिसते.

पहिल्याच जॅकेटला वाघाचं तोंड घेऊ नका. वाघ सगळ्यांनाच हवा असतो, पण तोंडावरच्या बारीक केसांत आणि पट्ट्यांच्या कडांत नवा हात अडकतो. दोन संत्री आणि चार पानं घ्या, किंवा झिरो माईलच्या घोड्यांपैकी एकाची बाह्याकृती. आकार मोठा, कडा स्वच्छ आणि नागपूरची ओळख लगेच पटते. प्राणीच काढायचे असतील तर अजब बंगल्यात वही घेऊन जा. १८६३ पासूनचं हे मध्यवर्ती संग्रहालय आहे आणि तिथले पेंढा भरलेले प्राणी हलत नाहीत, त्यामुळे प्रमाण नीट मोजता येतं.

गोंड आदिवासींच्या चित्रांतली भरणी (आकाराच्या आतलं नक्षीकाम) डेनिमवर फार खुलते, कारण त्यात सपाट रंगावर ठिपके आणि छोट्या रेघा असतात, छटा मिसळाव्या लागत नाहीत. मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या जनगढ सिंह श्याम यांनी १९८० च्या दशकात भिंतीवरची ही चित्रं कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. त्यांच्यानंतरच्या चित्रकारांत ज्याची त्याची भरणीची खूण वेगळी असते. कुणा चित्रकाराचं चित्र जसंच्या तसं उतरवू नका. ठिपक्यांची रीत शिका आणि भरणी स्वतःची शोधा.

जॅकेटच्या आत प्लॅस्टिक गुंडाळलेला पुठ्ठा सरकवा, कापड सुरकुती न राहता पण न ताणता क्लिपांनी पक्कं करा आणि कार्बनवरून चित्र उतरवा.

पांढरा हात

संत्र्याचा नारिंगी थेट निळ्या डेनिमवर लावून पाहा, एखाद्या जुन्या जीन्सच्या तुकड्यावर. वाळल्यावर तो विटकरी-तपकिरी दिसतो. पिवळा लावला तर हिरवट होतो. हे दोन्ही रंग पारदर्शक असल्यामुळे खालची नीळ त्यांच्यातून दिसते. त्यावर दुसरा, तिसरा, चौथा हात देत राहिलं तरी उजळपणा येत नाही, नुसती जाडी वाढते. आणि जाडी वाढली की भेग आलीच. म्हणून आधी पांढरा. काळा, गडद तपकिरी आणि गडद हिरवा जिथं येणार तिथं मात्र पांढरा लावू नका. हे रंग निळ्यावर तसेच झाकतात आणि तेवढं कापड मऊ राहतं.

आता पांढरा कसा, ते नीट वाचा. इथंच बहुतेकांची घाई नडते.

पहिल्या हातासाठी दहा भाग रंगात एक भाग पाणी, याहून जास्त नाही. पाणी जास्त झालं तर रंग विणीतून पसरतो आणि चित्राची कड फुटते. राठ ब्रशच्या टोकाला थोडासाच रंग घ्या, बाटलीच्या तोंडाला पुसा आणि कापडात घासून मुरवा. आधी डेनिमच्या तिरक्या रेघांच्या दिशेनं, मग त्यांना आडवं. उद्देश पृष्ठभाग झाकायचा नाही, दोन रेघांमधल्या खाचेत रंग पोचवायचा आहे. कडेशी ब्रश नेहमी बाहेरून आत ओढा.

हा पहिला हात वाळल्यावर निळसर, डागाळलेला आणि निराशाजनक दिसतो. तो तसाच दिसायला हवा. इथं धीर सोडून भसाभस दुसरा थर ओतला की जॅकेट गेलंच समजा. पहिल्या हातात कापड पांढरंशुभ्र झालं असेल तर रंग आत गेलेला नाही, वर बसला आहे, आणि तोच पुढे पापुद्र्यानं निघेल.

वाळला की नाही ते डोळ्यांनी ठरवू नका. बोटाची मागची बाजू रंगावर टेकवा. गार लागलं तर आत अजून ओल आहे. हिवाळ्यात पंख्याखाली पाऊण ते एक तास पुरतो, पावसाळ्यात तीन-चार तासही लागतात. उन्हाळ्यात करणार असाल तर नागपुरी हवेची दोन टोकं सांभाळा. मे महिन्याच्या दुपारी रंग ब्रशवरच वाळतो आणि कापडात शिरायच्या आत त्याला साय धरते, म्हणून काम सकाळी नऊच्या आत करा. आणि कूलर चालू असलेल्या खोलीत जॅकेट वाळत ठेवू नका. कूलरची दमट हवा रंग तासन्‌तास चिकट ठेवते आणि त्यावर धूळ बसते. गरम हेअर ड्रायर जवळ धरणं त्याहून वाईट. वरचा थर कडक होतो, खालचा ओलाच राहतो आणि मग दोघांची फारकत होते.

दुसरा आणि तिसरा हात पाणी न घालता, पण तितकाच पातळ. दुसऱ्यानंतर निळेपणा बराच जातो, तिसऱ्यानंतर दुधी पांढरा येतो. तिथं थांबा. कागदासारखा पांढरा व्हायची गरज नाही, वर रंग येणारच आहे. तिसऱ्या हातानंतरही डेनिमच्या तिरक्या रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. रेघा बुजल्या असतील तर थर जाड झाला.

पूर्ण वाळल्यावर परीक्षा घ्या: रंगवलेला भाग दोन बोटांत अलगद दुमडा. कापडाबरोबर वळला तर ठीक. पांढरी भेग दिसली किंवा कुरकुर आवाज आला तर पुढे जाऊ नका. २२० नंबरच्या सँडपेपरनं हलक्या हातानं घासून जाडी उतरवा, ओल्या फडक्यानं पूड पुसा आणि एक पातळ हात द्या. बाहेर सांडलेला रंग ओला असेपर्यंतच पाण्यानं निघतो. वाळल्यावर नेलपॉलिश रिमूव्हर चोळण्याचा मोह टाळा, त्यानं डाग आणखी पसरतो. वाळलेल्या डागावर एखादं पान काढणं जास्त शहाणपणाचं.

रंग

पांढरा नीट बसला की रंग भरणं सोपं आहे. फिका रंग आधी, गडद नंतर, प्रत्येकाचे दोन पातळ हात.

संत्र्याला आधी सगळीकडे पिवळा द्या, वाळल्यावर नारिंगी, आणि सावलीच्या बाजूला त्याच नारिंगीत जरासा लाल. सावलीसाठी काळा मिसळला की संत्रं नासकं दिसतं. सालीवरची छिद्रं टूथपिकच्या टोकानं, गडद नारिंगीचे ठिपके देऊन काढा. सावलीकडे दाट आणि उजेडाकडे विरळ. बाह्यरेषा गोल ब्रशनंच ओढा. मार्करची काळी रेषा पुढे विटते, आणि थ्रीडी लायनरची (उठावदार रेषेच्या रंगाच्या ट्यूबची) उंच कड बॅगेच्या पट्ट्यात अडकून उखडते.

सफारीला घालायचं जॅकेट असेल तर रंगांचा विचार वेगळा करा. पेंच-ताडोब्यात भडक लाल, पिवळा, पांढरा टाळून खाकी, तपकिरी, पानाचा हिरवा वापरा. डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत या जॅकेटखाली स्वेटर घालावा लागतोच, तेव्हा पाठ ताणून बसेल इतकं घट्ट जॅकेट निवडू नका. (ताडोब्याचा बेत करताना मंगळवार सोडा, त्या दिवशी गाभा क्षेत्र बंद असतं.)

डाव्या बाहीचा वरचा भाग कोरा ठेवा. प्रत्येक सहलीनंतर तिथं पाच-सहा सेंटिमीटरचं एक छोटं चित्र भरता येतं: रामटेकचं देऊळ, चिखलदऱ्याच्या कॉफीची फांदी, धूपगढचा सूर्य. कोपराजवळ मात्र काही नको, तिथं काहीच टिकत नाही.

इस्त्री

शेवटचा हात दिल्यावर पूर्ण २४ तास थांबा. मग जॅकेट उलटं करा, चित्राखाली जुनं सुती कापड अंथरा आणि मागच्या बाजूनं, वाफ बंद ठेवून, सुती कापडाच्या तापमानावर इस्त्री करा. एका जागी २० ते ३० सेकंद दाबून पुढच्या जागी. सगळ्या पाठीला पाच-सात मिनिटं लागतात. उष्णतेनं रंगातला चिकट घटक मऊ होऊन धाग्यांना घट्ट धरतो. हा टप्पा गाळला तर वरची सगळी मेहनत धुण्यात जाते. चित्राच्या बाजूनं इस्त्री टेकवू नका, रंग इस्त्रीला लागतो.

त्यानंतर तीन दिवस पाणी नाही. पुढेही जॅकेट उलटं करून, थंड पाण्यात, हातानं धुवा. ब्रश आणि पिळणं बंद, वाळवणं सावलीत.

बॅगेत भरताना

वाळलेला अ‍ॅक्रिलिकसुद्धा उष्णतेत मऊ होतो. चित्रावर चित्र येईल अशी घडी घालून जॅकेट उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिलं तर दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. चित्रावर बटर पेपर किंवा जुनी सुती ओढणी ठेवून जॅकेटची सैल गुंडाळी करा आणि ती बॅगेत सर्वांत वर ठेवा. चिकटलंच तर ओढू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही, तिथं रंग ठिसूळ होतो) आणि मग एका कडेनं हळूहळू सोडवा. जिथं पापुद्रा निघाला असेल तिथं पांढऱ्याचे दोन पातळ हात, वर रंग, २४ तासांनी पुन्हा इस्त्री.